सरासरी सव्वीस

४ मार्च
सकाळी लेक तिच्या घरी परत गेली. टॅक्सीपर्यंत बॅग नेऊन दिली. परत आलो. चहा केला, तो दोन कप झाला. एक ओतून दिला. दुपारी झोप. संध्याकाळी माशांना खायला घातलं.

हिला जाऊन महिना झाला. घरात आता मी आणि हिचा टँक. खाऱ्या पाण्याचा आहे. त्यात प्रवाळ, एक कोळंबी, एक गोगलगाय आणि नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची जोडी. जोडीतली मादी मोठी, तिचं नाव हिने मालकीण ठेवलं. नर तिच्या निम्मा आणि सदा तिच्या मागे, म्हणून तो घरजावई. लेक कॉलेजात असताना मालकीण आणलेली, म्हणजे चांगली वयस्कर आहे.

मेहुणीने टँक मागितला. हिची धाकटी बहीण. तिच्या घरीही असाच एक आहे, दोघींना तोच नाद. म्हणाली, भावोजी, तुम्हाला स्वतःचं बनियन सापडत नाही, हे कुठे सांभाळत बसता. मी म्हणालो, टँक इथून हलणार नाही. ती म्हणाली, ताईने मला न्यायला सांगितलं होतं. मी म्हणालो, मला नाही सांगितलं. लेक मध्ये पडली. ठरलं असं, की जूनच्या सुरुवातीला, मावशीची शाळा उघडण्याआधी, ती येऊन बघेल. सगळं जिवंत असेल तर टँक माझा आणि विषय कायमचा बंद. नसेल तर जे उरलं असेल ते ती घेऊन जाईल.

तिला कल्पना नाही. माझी सगळी नोकरी कोल्ड स्टोरेजमध्ये गेली. तापमान हाच माझा विषय आहे.

५ मार्च
पाणी सव्वीस डिग्री लागतं. संपला विषय.

हिने यातलं काही कधी लिहून ठेवलं नाही. सकाळी उठली की पाण्यात मनगटापर्यंत हात घालून उभी राहायची. मग म्हणायची, पंखा लावा. किंवा, हीटर बंद करा. मी विचारायचो, किती आहे. ती म्हणायची, ठीक आहे. ठीक हा आकडा नव्हे. मी चांगला थर्मामीटर आणून दिला होता, भिंतीवर लावायचा, त्याची तार पाण्यात सोडलेली. ही त्याच्यावर ओला रुमाल वाळत घालायची.

आंघोळीच्या पाण्याचंही तेच. माझी बादली तीच काढायची, बोटं बुडवून गार पाण्याचं विसण घालायची. पाणी बरोबर असायचं हे मान्य, पण सगळा अंदाज. आज पाणी आधी पोळलं, विसण घातलं तर गार पडलं. गीझर बिघडलेला दिसतो. मिस्त्रीला बोलावणे.

रुमाल काढला. थर्मामीटर उत्तम चालतो आहे.

९ मार्च
टँकसाठी खोलीतला एसी दिवसभर चालू ठेवायची हिची पद्धत होती. मी ऑफिसला, घरात चिटपाखरू नाही, आणि एसी चालू. आजपासून बंद. सकाळी तेवीस, दुपारी एकोणतीस.

सरासरी सव्वीस. पहिल्याच आठवड्यात.

ऑफिसात आम्ही हेड ऑफिसला दिवसाची सरासरीच पाठवतो. चेंबरचं दार सारखं उघडतं, माल आत येतो, बाहेर जातो, तापमान वरखाली होणारच. त्या वरखालीकडे बघत बसला तर माणूस वेडा होईल. एकदा एका पार्टीने तक्रार केली होती, की आइस्क्रीम वितळून पुन्हा गोठलं, खडे झाले. मी सरासरी दाखवली. उणे अठरा, दशांशालासुद्धा हललेली नव्हती. हेड ऑफिसने माझी बाजू घेतली. पार्टी आइस्क्रीम घेऊन गेली. त्याचं पुढे काय झालं हा आमचा विषय नव्हता.

मेहुणीचा फोन आला. किती आहे, तिने विचारलं. सव्वीस, मी म्हणालो. बरं, ती म्हणाली. त्या 'बरं'मध्ये निराशा होती.

१३ मार्च
ऑफिसात ऑपरेटरला टँकबद्दल सांगितलं. सगळे त्याला होयबा म्हणतात. माणूस बोलका नाही पण समज चांगली आहे. म्हणालो, पाण्याला एकच आकडा हवा असतो, तो सांभाळला की झालं. म्हणाला, हो साहेब. म्हणालो, बायकांना उगाच बाऊ करायची सवय. म्हणाला, हो साहेब. मग म्हणालो, अर्थात आमच्या हिला या विषयाची बरीच माहिती होती. तो म्हणाला, हो साहेब.

जाणकाराशी बोललं की बरं वाटतं.

गीझरवाला मिस्त्री येऊन गेला. गीझर ठीक आहे म्हणाला. यांना काही येत नाही.

१९ मार्च
आज एक गोष्ट लक्षात आली. प्रवाळ स्वच्छ होत चालले आहेत. आधी त्यांच्यावर तपकिरी, हिरवट, जांभळा असा थर होता. ही इतकी वर्षं टँक पुसायची, घासायची, पण तो थर तिच्याने कधी निघाला नाही. माझ्याकडे तीन आठवडे नाही झाले तर कडेचा मोठा, मेंदूसारखा दिसणारा, अर्धा पांढराशुभ्र.

दोष द्यायचा म्हणून लिहीत नाही. तिची तब्येत बरी नव्हती, हात चालत नव्हते.

लेकीला फोटो पाठवला. तिने विचारलं, बाबा, पांढरं का दिसतंय? कळवलं, फ्लॅशमुळे. उगाच कौतुक करून घ्यायला आवडत नाही. मावशीला दाखवू का, तिने विचारलं. नको म्हणालो. बहिणीच्या हातून जे झालं नाही ते भावोजींनी केलं, हे तिला लागेल.

२५ मार्च
सकाळी कोळंबी मेलेली दिसली. दगडावर पडली होती, आरपार काचेसारखी. वाईट वाटलं. कागदात गुंडाळून कुंडीत पुरली. मेहुणीला काय सांगायचं याचा विचार ऑफिसात दिवसभर.

संध्याकाळी आलो तर कोळंबी दगडावर फिरते आहे.

लेकीला फोन केला. ती हसली. म्हणाली, बाबा, ती कात टाकते, आई सांगायची नाही का तुम्हाला. सांगत असेल. लेक खूप वेळ हसत होती. मग एकदम हसायची थांबली आणि म्हणाली, ठेवते.

नोंद: कोळंबी मेलेली दिसली तरी मेलेली नसते.

३० मार्च
ऊन वाढलं. टँकची खिडकी पश्चिमेला आहे. दुपारी एकतीस. म्हणजे रात्री एकवीस हवं, तरच हिशोब जुळतो. एसी आणि पंख्याने ते होत नाही. ऑफिसातून गोठलेल्या जेलच्या पिशव्या आणल्या, झोपताना पाण्यात सोडल्या. पहाटे एकवीस. अगदी काट्यावर.

ही जाग आली की टँकपाशी जाऊन उभी राहायची. मी हे सगळं पलंगावर बसून करतो. डोकं वापरायचं तर पाय कशाला झिजवायचे.

पंख्यामुळे पाणी आटतं. फ्रीजमधलं गार पाणी ओतून भर घालतो. एका दगडात दोन पक्षी.

६ एप्रिल
कोळंबीने पुन्हा कात टाकली. या वेळी घाबरलो नाही. कात तशीच राहू दिली. कोळंबी दगडाखाली बसली असणार, येईल बाहेर.

८ एप्रिल
अजून आली नाही. कातीला वास येतो आहे.

११ एप्रिल
कोळंबी लाजाळू असते असं होयबाचंही मत पडलं.

१५ एप्रिल
आज ऑफिसातून आलो आणि थक्क झालो. मालकीण टँकमध्ये अगदी वर येऊन माझ्याकडे बघत होती. पाण्याच्या कडेशी, तोंड उघडून मिटून, उघडून मिटून. घरजावई तिच्या शेजारी.

ती फक्त हिच्या हातून खायची. मी गेलो की दगडामागे जाऊन बसायची. एवढ्या वर्षांत माझ्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. आणि आज मी स्टूल ओढून समोर बसलो तर हलली नाही. अंधार पडेपर्यंत बोलत होती. काय बोलत होती ते कळायची गरज नव्हती.

हात धुऊन जेवलो. पान वाढून घेताना सवयीने दुसरं ताट काढलं. परत ठेवलं.

दुपारचं तापमान तेहतीस होतं. आठवड्याची सरासरी धरायचं ठरवलं आहे. हेड ऑफिस चेंबर तीनसाठी ती चालवून घेतं. म्हणजे रविवारी एकोणीसपर्यंत नेलं की सव्वीसच येईल.

१७ एप्रिल
मेहुणीचा फोन. मालकीण खाते का? मी म्हणालो, वर येऊन माझ्याशी बोलते.  तिने विचारलं, वर म्हणजे कुठे? मी म्हणालो, तुला सांगून कळणार नाही, ते आमच्यातलं आहे. ती म्हणाली, भावोजी, पाणी किती आहे? सव्वीस म्हणालो. आत्ता? म्हणालो, एकदा सांगितलं ना.

या बाईला सारखं आत्ता किती, आत्ता किती. आजारपणातही असंच. रोज फोन, ताई आत्ता कशी आहे.

त्या दिवसांत हिला दुपारी चादर नको असायची आणि पहाटे दोन लागायच्या. रात्रभर काढघाल, काढघाल. मी नीट विचार करून एक चादर ठरवून दिली. दिवसरात्र एक. त्यानंतर काढघाल बंद झाली. तिने पुन्हा कधी मागितली नाही. डॉक्टरही म्हणाले होते, तुम्ही फार व्यवस्थित करता आहात.

२१ एप्रिल
रविवार. ठरवल्याप्रमाणे पाणी एकोणीसवर आणलं. मालकीण तळाशी कुशीवर पडून आहे. आठवडाभराच्या उकाड्यानंतर गारव्यात माणसालासुद्धा सुस्ती येते. तिला उठवलं नाही.

आठवड्याची सरासरी सव्वीस पूर्णांक शून्य. असा आकडा ऑफिसातसुद्धा क्वचित बघायला मिळतो.

२२ एप्रिल
मालकीण उठली नाही.

घरजावई तिच्याभोवती फिरतो आहे. अधूनमधून नाकाने ढकलून बघतो. पाचदा ढकललं तर ती थोडी सरकते आणि त्याला वाटतं उठली. बिनडोक जात.

ऑफिसला गेलो नाही. डोकं दुखतं असं कळवलं.

२३ एप्रिल
वयामुळे. माशांचं वय आपल्याला कळत नाही, म्हणून आकस्मिक वाटतं.

कुंडीत पुरली. काचेसारख्या त्या पहिल्या कातीच्या शेजारी.

आता प्रश्न जूनचा. मेहुणीला सगळं जिवंत दाखवायचं आहे आणि ते दाखवणार. विचार करून मार्ग काढला आहे. नारंगी मासा नारंगी माशासारखाच दिसतो.

२५ एप्रिल
माशांच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे बोळकंडी, दोन्ही बाजूंना काचा, जमीन ओली. दुकानदार स्टुलावर बसून डबा खात होता. घास तोंडात ठेवूनच विचारलं, काय मेलं? म्हणालो, काही मेलं नाही, एक हवी आहे. म्हणाला, काही मेलं नाही तर दुकानात कोण येतं साहेब. मग म्हणाला, पाणी किती ठेवता? सव्वीस म्हणालो. म्हणाला, मग मेली कशाने? म्हणालो, वयाने. म्हणाला, सगळ्यांचे वयानेच जातात.

त्याला सांगितलं, मोठी मादी द्या. त्याने विचारलं, घरी नर आहे? आहे म्हणालो. तर म्हणाला, नका नेऊ. मादी गेली की नरच मादी होतो. थोडे दिवस लागतात, पण होतो. आता तोच तुमच्या घरची मालकीण समजा. दुसरी आणलीत तर जगू देणार नाही.

काहीही बोलतात. धंदा करायचा आणि गिऱ्हाइकाला घालवायचं, ही कोणती पद्धत. सर्वांत मोठी घेतली. त्याने पिशवीला गाठ मारता मारता सांगितलं, मेली तर परत घेत नाही.

२६ एप्रिल
घरजावई बदलला आहे. जो कधी मालकिणीच्या पुढे पोहला नाही तो नवीनला चावतो. तिच्या शेपटीचा एक कोपरा गेला. चार दिवसांत एवढा माज. माणूस गेल्यावर घरातले खरे चेहरे दिसतात म्हणतात ते खोटं नाही.

३ मे
नवीन बाई सारखी हीटरला चिकटून असते. रात्री तर हलतच नाही. नव्या जागी थंडी वाजतेच. हिलाही हॉस्पिटलचा पलंग घरी आणून लावला तेव्हा पहिल्या रात्रीपासून थंडी वाजत होती. एसीचा आकडा दाखवला, सव्वीस होता, तेव्हा गप्प झाली.

आंघोळीचं पाणी आजही जमलं नाही. पाठ पोळली. दुसरा मिस्त्री बघणे.

१० मे
उकाडा. दुपारी लाइट जाते. एसी नाही, पंखा नाही. पस्तीस. मी ऑफिसात असतो, तिथे उणे अठरा. सगळा दिवस उणे अठराच्या दारात बसायचं आणि घरी पस्तीस. मनात आलं, दोन्हींची सरासरी काढली तर साडेआठ येते, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मनुष्य सगळ्यात तगून राहतो. माशांचे मात्र लाड.

मेंदूसारखा प्रवाळ आता पूर्ण पांढरा. त्याच्यावर मऊ शेवाळ धरायला लागलं. रंग परत येतो आहे, हे चांगलं लक्षण. बाकीचे तीनही पांढरे.

गोगलगाय काचेवरून खाली पडली आहे, पाठीवर. सरळ करून ठेवली. पुन्हा पडली. पुन्हा ठेवली. हट्टी आहे.

१६ मे
गोगलगाईच्या शंखात कोणी नाही.

१८ मे
एक चांगली कल्पना सुचली. मेहुणी येईल त्या दिवशी आधी पाणी अगदी सव्वीसवर आणून ठेवायचं. सकाळपासून टँकसमोर बसायचं, एसी, पंखा, हीटर, पिशव्या सगळं हाताशी. ती थर्मामीटर बघणार. काटा जे सांगेल ते खोटं ठरवता येणार नाही. कोळंबी लाजाळू आहे, गोगलगाय दगडामागे आहे, प्रवाळ स्वच्छ केले आहेत. राहिली मालकीण, तर ती समोर आहे.

होयबाला सांगितलं. हो साहेब म्हणाला. मग, न विचारता, म्हणाला, साहेब, वहिनी असत्या तर. आणि तेवढ्यावरच कामाला लागला. त्याला काय म्हणायचं होतं कोण जाणे. हल्ली त्याची समज कमी झाली आहे.

१ जून
उद्या मेहुणी आणि लेक येणार. घर झाडलं, पडदे धुतले. टँकची काच आतून बाहेरून पुसली. हिचा रुमाल थर्मामीटरवर परत घातला, मग काढला. आकडा दिसला पाहिजे.

२ जून
त्या ठरल्याप्रमाणे दुपारी आल्या. पाणी बरोबर सव्वीस. काटा हलू दिला नव्हता, सकाळपासून टँकसमोरून उठलो नव्हतो.

मेहुणी चपला काढून सरळ टँकपाशी गेली. थर्मामीटरकडे तिने पाहिलंच नाही. बांगड्या वर सरकवल्या आणि मनगटापर्यंत हात पाण्यात घातला. हिच्यासारखाच. पाठमोरी हीच वाटली. मी मागून सांगितलं, सव्वीस आहे. ती म्हणाली, आत्ता आहे.

मग तिने एकेक बघितलं.  मी म्हणालो, प्रवाळ कसे स्वच्छ झालेत. तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, भावोजी, तो मळ नव्हता. तो त्यांचा जीव होता. पाणी रोज असं तापलं आणि गारठलं की ते जीव टाकतात, मग पांढरे पडतात. ही हाडं आहेत.

शाळेत शिकवते, त्यामुळे बोलायची तशी सवय आहे.

लेक म्हणाली, मावशी, मालकीण बघ ना, कोपऱ्यात का बसली आहे. मेहुणी खाली वाकली. बराच वेळ बघत होती. म्हणाली, ही ती नव्हे. मी म्हणालो, तीच आहे, बारीक झाली आहे. ती म्हणाली, ताईच्या मालकिणीच्या डोळ्यामागे काळा ठिपका होता. मी म्हणालो, पुसला असेल. मी असं का म्हणालो मला माहीत नाही.

लेकीने तोंड फिरवलं.

मग चौकशी. दुपारी किती असतं, रात्री किती असतं. मी लपवलं नाही, लपवण्यासारखं काही नव्हतं. सगळे आकडे सांगितले. पस्तीस, एकवीस, एकोणीस. आणि शेवटी सरासरी सांगितली, तारखेनिशी, मार्चपासून आजपर्यंत. सव्वीस. एक दशांशसुद्धा इकडेतिकडे नाही. म्हणालो, चूक दाखव.

मेहुणीने हात पुसला. शांतपणे म्हणाली, चूक नाही. चादरीसारखंच केलंत.

कोणती चादर ते मला कळलं नाही. लेकीलाही कळलं नसावं. तिने विचारलं, मावशी, कोणती चादर? मेहुणी म्हणाली, तुझी आई पहाटे मला फोन करायची. कुजबुजत. म्हणायची, थंडी वाजते आहे, पण यांना उठवलं तर आकडा दाखवतात. मी म्हणायचे, कपाटातून दुसरी घे. ती म्हणायची, मला उठता येत नाही गं.

लेक माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, डॉक्टर म्हणाले होते फार व्यवस्थित करता.  मी चहाचं विचारलं. नको म्हणाल्या.

मेहुणीने डब्यात पाणी घेऊन आधी घरजावईला पकडलं, मग नवीनला दुसऱ्या डब्यात. नवीनच्या एका बाजूची कातडी हीटरला चिकटून भाजली होती, ती मला आजच दिसली. ही रात्र काढणार नाही, मेहुणी म्हणाली. घरजावई आता चांगला भरला आहे, मोठा झाला आहे. मेहुणी डब्याला झाकण लावत म्हणाली, मालकीण गेली की हा तिची जागा घेतो. घर सांभाळतो. माशालासुद्धा जमतं, भावोजी.

लेक म्हणाली होती राहीन. ती मावशीबरोबर गेली. डबा तिच्या मांडीवर होता. मी टॅक्सीपर्यंत गेलो. बाबा येते असं म्हणाली नाही, पण हात हलवला. किंवा डबा सावरला असेल.

५ जून
लेकीचा फोन आला नाही. मीच केला. नवीन त्याच रात्री गेली. घरजावई खातो आहे, मावशीच्या हातून. ठेवते, म्हणाली.

११ जून
कंट्रोलर बसवून घेतला. हीटर आणि पंखा आपोआप चालू-बंद होतात, मिस्त्री लावून गेला. आधीच घ्यायला हवा होता, पण मला कोणी सुचवलं नाही.

पाण्यात काही नाही. टँक काढून टाकावा असं लेकीला म्हणालो तर ती म्हणाली, तुमचं तुम्ही ठरवा. चालू ठेवला आहे.

सकाळी सव्वीस, दुपारी सव्वीस, रात्री सव्वीस. सरासरी काढायची गरजच नाही.

१६ जून
रविवार. ऑफिस नाही, फोन नाही. कपाट आवरलं. वरच्या खणात दुसरी चादर होती, घडी घातलेली. धुवायला टाकली. मग काढली, धुतलेलीच होती, परत ठेवली.

टँक सव्वीस.

आंघोळीला गेलो. अर्धी बादली कढत काढली, अर्धी गार. म्हणजे बरोबर व्हायला हवं. तांब्या उचलला, खाली ठेवला, आणि हात घातला, मनगटापर्यंत. बराच वेळ ठेवला. ठीक आहे की नाही ते कळेना. विसण घातलं, पुन्हा हात घातला. बादली काठोकाठ भरली, आणखी घालायला जागा राहिली नाही. तोवर पाणी गार झालं होतं.

तसंच अंगावर घेतलं.